स्पिती-लडाखसाठी रायडिंग बूट : वॉटरप्रूफ टूरिंग, मोटोक्रॉस, की गमबूटवर भागेल?

खिंडवाट

मंडळी नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून निघतोय, दोघं मित्र, दोन गाड्या, माझी रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०. सातारा-उदयपूर-चंदीगड, मग किन्नौरमधून नाको, ताबो, काझा, कुंझुम उतरून ग्राम्फू, तिथनं केलाँग, सरचू, लेह आणि जमलं तर हानले करून उमलिंग ला. पंचवीसेक दिवस धरलेत. जॅकेट, हेल्मेट, नीगार्ड सगळं झालंय, फक्त बुटांवर गाडी अडकलीय.

आत्तापर्यंत गोवा, कोकण, ताम्हिणी सगळं ट्रेकिंगच्या शूजवरच केलंय, कधी काही झालं नाही म्हणून तीच सवय लागली. आता विचारायला गेलो तर प्रत्येक जण वेगळं सांगतोय. एक जण म्हणतो गोअर-टेक्स (पाणी अडवणारा आतला पडदा) नसेल तर पाय गोठतील, दुसरा म्हणतो मोटोक्रॉसचेच (मातीतल्या शर्यतीचे कडक बूट) घे, पाय मोडायचा प्रश्नच नाही, भोसरीत कामाला असलेला मावसभाऊ म्हणतो कंपनीतले सेफ्टी शूज घालून जा स्टीलची टो-कॅप असते, आणि मागच्या वर्षी मनाली-लेह करून आलेले दोघं म्हणाले गमबूट घे, नाले आरामात पार होतात, बाकी सगळा पैशाचा खेळ आहे.

बजेट १५ हजार, ताणून १८. उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे ८२५ मिमीच्या सीटवर दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. ताबो, धनकर आणि ‘की’ हे गोंपा म्हणजे बौद्ध मठ नीट हिंडून बघायचेत, सारखे बूट बदलायला वेळ नाही आणि सामानात जास्तीची जोडी न्यायला जागाही नाही. तुम्ही काय घातलं आणि परत जायचं झालं तर काय घालाल ते सांगा.

नाल्यापलीकडे

भावा, ट्रेकिंग शूज घालून जाऊ नकोस एवढं पहिलं सांगतो, बाकी नंतर.

२०१९ च्या जुलैत मी तेच घालून गेलो होतो. कुंझुम उतरून बातालच्या पुढे, वेग फार तर दहा-पंधराचा असेल. नदीतले गोल गोटे असतात ना तसला रस्ता, पुढचं चाक सरकलं आणि मी आपण सगळे करतो तेच केलं, डावा पाय खाली टेकवला. गाडी, पेट्रोलचा कॅन आणि लोखंडी पॅनियर (बाजूची सामानाची पेटी) असं सगळं त्या पायावर आलं. पाय पॅनियरच्या खाली मागच्या बाजूला ओढला गेला आणि घोट्यात पिळला. दोन्ही हाडं. एका टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याने शेवटच्या सीटवर झोपवून मनालीपर्यंत आणलं, त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला आजही आठवतो. प्लेट टाकली, सहा स्क्रू, तीन महिने घरी. हायवेवर ऐंशीने पडलो असतो तर कदाचित खरचटण्यावर निभावलं असतं, कारण पाय अडकायला काही नसतं. आपल्या लांबच्या ट्रिपमध्ये पाय जातो तो असा जवळजवळ उभ्या गाडीवर, दोनशे किलोच्या वजनाखाली. तुझी ४५० नुसतीच १९६ किलोची आहे, वर सामान.

म्हणून बूट घेताना आधी घोटा, मग नडगी, मग तळवा, आणि पाणी सगळ्यात शेवटी. ओला पाय संध्याकाळी वाळतो.

दुकानात असं कर. बूट हातात घे, एका हाताने टाच आणि दुसऱ्याने पुढचा भाग धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघ. सहज पिळला गेला तर खाली ठेव, तुझा घोटाही तसाच पिळला जाणार. मग टाचेच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाब, आत कडक कप लागला पाहिजे, आणि घोट्याच्या हाडावर आतून-बाहेरून दोन्हीकडे चकती हवी, बऱ्याच स्वस्त बुटांत ती फक्त बाहेरच्या बाजूला असते. उंची निदान अर्ध्या पोटरीच्या वर.

आणि आतलं लेबल वाच. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं चित्र आणि ईएन १३६३४ (रायडिंग बुटांचं युरोपीय मानक) असं लिहिलेलं असेल तर तो बूट खरंच रायडिंगसाठी तपासलेला आहे. खाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २, आणि २ म्हणजे जास्त चांगलं. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा तळवा आडवा चेपला जाण्याचा. गाडी पायावर पडते तेव्हा तो चौथा आकडा कामाला येतो, तिथे २ असेल तर बाकी थोडं कमीजास्त चालेल. शिवाय आयपीए लिहिलं असेल तर घोट्याचं संरक्षण तपासलंय, आयपीएस म्हणजे नडगीचं, डब्ल्यूआर म्हणजे पाण्याचं. लेबलच नसेल तर दुकानदार कितीही बोलला तरी तो फक्त दिसायला रायडिंग बूट.

मावसभावाच्या सेफ्टी शूजबद्दल, ते वाईट नाहीत पण वेगळ्या कामाचे आहेत. आयएस १५२९८ या भारतीय मानकात टो-कॅपवर २०० ज्यूलचा आघात करून बघतात, म्हणजे वरून काही पडलं तर बोटं वाचतात. घोटा आणि नडगी उघडीच. त्यात ती कॅप जाड असल्यामुळे गियर लिव्हरखाली बोट सरकत नाही, शहरात चालवून बघ म्हणजे कळेल.

वाशिष्ठीकाठ

वरच्या दादांशी पूर्ण सहमत, मी फक्त पाण्याचं सांगते कारण चिपळूणला राहते आणि चार महिने ओल्या बुटातच असते.

वॉटरप्रूफ बुटात आत एक पातळ पडदा असतो, तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. पाऊस, चिखल, चाकाने उडवलेलं पाणी, घोटाभर ओढा इथपर्यंत उत्तम. पण पाणी गुडघ्याला लागलं की ते वरच्या तोंडातून आत येतं, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पायाला बादली बांधल्यासारखं होतं आणि वाळायला दोन दिवस. पडदा नसलेला बूट उलट लगेच भिजतो पण पाणी निथळतं आणि लवकर वाळतो. दुसरं म्हणजे तुमचे पहिले १८०० किलोमीटर मैदानी उकाड्यातले आहेत, त्यात पडद्याच्या बुटात पाय उकडून निघतात. म्हणून नुसतं वॉटरप्रूफ लिहिलंय एवढ्यासाठी जास्तीचे पाच-सहा हजार घालू नका, ते पैसे घोट्याच्या संरक्षणात घाला.

नाले सकाळी पार करा. रात्री गारठ्यात बर्फ वितळायचं थांबलेलं असतं, दुपारी ऊन चढलं की तोच नाला दुप्पट होतो. सप्टेंबरात एकूणच पाणी कमी असतं त्यामुळे वेळ चांगली निवडलीत.

गमबुटाचं मला फार वाटतं म्हणून लिहिते. भातलावणीला आमच्याकडे सगळे घालतात, चिखलात उभं राहायला त्याच्यासारखं काही नाही. पण गाडीवर त्यात पाय नुसता सैल फिरतो, घोट्याला शून्य आधार, आणि नाल्यात पडलात तर तो पाण्याने भरून इतका जड होतो की वाहत्या पाण्यात उभं राहवत नाही. नकोच.

सुती मोजे घेऊ नका, ओले झाले की ओलेच राहतात. लोकरीचे दोन-तीन जोड घ्या. बूट भिजलेच तर मुक्कामी आतला इनसोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाने बदलायचे, झोपताना पुन्हा एकदा. स्पितीत घराघरात बुखारी (खोली गरम ठेवायची लोखंडी शेगडी) पेटलेली असते, तिच्याजवळ बूट ठेवायचा मोह आवरा, चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो. माझ्या बहिणीच्या बुटाचा तळवा तसाच सुटला, पुढचे तीन दिवस सुतळीने बांधून चालवली तिने.

घाटातली_ती

पाय ३७ नंबरचा आणि उंची ५ फूट २, त्यामुळे बूट शोधण्यात माझी दोन वर्षं गेलीत, त्यातलं उपयोगी पडेल ते सांगते.

नंबरावर जाऊ नका, एका ब्रँडचा ४२ दुसऱ्याचा ४१ असतो. कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि दोन्ही पायांची, कारण सहसा एक मोठा असतो. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजतो. ट्रिपचे लोकरीचे मोजे सोबत न्या. बूट घालून दुकानात पंधरा-वीस मिनिटं उकिडवं बसा, जिना चढा-उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली तर लहान आहे, चालताना टाच वर सुटत असेल तर मोठा. पोटरी जाड असेल तर बकलचा शेवटचा दात तरी लागतोय ना बघा, आणि नीगार्ड घालून बघा, कारण घरी आल्यावर नीगार्ड आणि बूट एकमेकांवर चढतात हे मला रस्त्यात कळलं.

बंद कसा होतो तेही महत्त्वाचं. चेन चिखलाने अडते, वेल्क्रोमध्ये माती बसली की धरत नाही. बकल चांगलं, सुटा पट्टा मिळत असेल तर एक जास्तीचा घेऊन ठेवा.

मोटोक्रॉसचे मी वर्षभर वापरले. संरक्षण सगळ्यात जास्त त्यातच, वाद नाही. पण तळवा इतका कडक की गियर पडला की नाही पायाला कळत नाही, आणि ‘की’ गोंपाच्या पायऱ्या त्यात चढून बघा. तुम्हाला हिंडायचंय, दिवसाचे आठ-नऊ तास गाडीवरही बसायचंय, तर उंच अ‍ॅडव्हेंचर-टूरिंग बूटच घ्या. फॉर्मा अ‍ॅडव्हेंचर, सिडी अ‍ॅडव्हेंचर २, टीसीएक्स बाहा हे सगळे मस्त पण तुमच्या बजेटच्या वर जातात. ओराझोसारखे आपल्याकडचे ब्रँड आधी घालून बघा, आणि प्रत्येकाला ती टॉवेलवाली पिळायची परीक्षा द्यायला लावा.

सीटबद्दल, जाड तळव्याने पाऊण-एक इंच मिळतो, आम्हा बुटक्यांना तो फार मोठा असतो.

जुनाबुलेटवाला

एकच गोष्ट जोडतो. सेकंडहँड किंवा वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेले बूट घेऊ नका, कितीही कोरे दिसले तरी. तळव्यातला पॉलीयुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो, न वापरलेल्या बुटात तर जास्तच. माझे सहा वर्षं खोक्यात ठेवलेले बूट लोणावळ्यापर्यंतसुद्धा टिकले नाहीत, तळवा शेवेसारखा भुगा होऊन पडला. नवीन घेतानाही बनवल्याची तारीख बघा. आणि तळवा शिवलेला असेल तर फार बरं, काझातसुद्धा मोची शिवून देऊ शकतो, नुसता चिकटवलेला असेल तर त्याच्याही हातात काही नसतं.

खिंडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नाल्यापलीकडे दादा, तुमचा अनुभव बायकोला वाचून दाखवला, तिने बजेट २० केलं.

काल पुण्याला जाऊन चार जोड्या पिळून बघितल्या, दोन तर खरंच फडक्यासारख्या पिळल्या गेल्या. शेवटी वॉटरप्रूफ नसलेला, उंच, तीन बकलचा घेतला, लेबलवर २ १ २ २ आणि आयपीए, तळवा शिवलेला, तारीख याच वर्षाची. वाचलेल्या पैशात तीन जोड लोकरीचे मोजे. आज ताम्हिणीत पावसात नेऊन आणला. घोट्याला मस्त धरतो पण गियर वर टाकताना पाय लिव्हरखाली जातच नाहीये, सारखा अख्खा पाय उचलावा लागतो. हे सवयीने जाईल का?

घाटातली_ती

सवयीने नाही जात, लिव्हर वर घ्यावा लागतो. लिव्हर थेट शाफ्टवर असेल तर बोल्ट काढून एक दात वर बसवायचा, मधे रॉड असेल तर दोन्ही टोकांचे नट सैल करून रॉड फिरवायचा. बूट घालून गाडीवर बसा आणि मेकॅनिकला तसंच बसून करायला सांगा, मागच्या ब्रेकचा पेडलही त्याच वेळी जुळवून घ्या, नाहीतर पाय नकळत ब्रेकवर राहतो. फूटपेगवरची रबरं निघत असतील तर चंदीगडनंतर काढून ठेवा, ओल्या तळव्याला लोखंडी दात बरे धरतात. आणि निघायच्या आधी या बुटात निदान ५०० किलोमीटर करा, फोड यायचे ते साताऱ्यातच येऊ देत.