ड्वार्फ सीहॉर्स पाळायचेत, पण डिसेंबरात चार आठवडे भारतात जायचंय

मृण्मयी_एडिसन

नमस्कार मंडळी. आमचे चिरंजीव, वय वर्षे अकरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्लोरिडाला ड्वार्फ सीहॉर्स, म्हणजे बुटके समुद्रघोडे, पाहून आले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, शेपटीने गवताला धरून डुलणारे. खरं सांगायचं तर मलाही भुरळ पडली आहे.

इथे न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्याकडे १० गॅलनची टाकी रिकामी पडून आहे. आधी त्यात बेट्टा हा गोड्या पाण्यातला मासा होता, दोन वर्षं छान जगला. खाऱ्या पाण्याचा अनुभव शून्य. प्रश्न असे: १० गॅलन पुरेल का? सोबत एखादा क्लाउनफिश ठेवता येईल का (हा मुलाचा हट्ट)? पिल्लं होतात म्हणे, ती वेगळी काढावी लागतात का? आणि मुख्य म्हणजे, सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांना घेऊन डिसेंबरात आम्ही सगळेच चार आठवडे पुण्याला जाणार आहोत. तेवढे दिवस ऑटोमॅटिक फीडर लावला तर चालेल ना? दुकानदार म्हणाला, "ईझी आहेत, लहान आहेत ना." लहान म्हणजे सोपे, हे मला आई झाल्यापासून पटत नाही, म्हणून इथे विचारते.

रीफवेडा

क्लाउनफिशचं नाव काढू नका. तो सगळं खाणं दोन मिनिटांत फस्त करील आणि घोडे बघत बसतील. फीडरही विसरा, त्यांना जिवंत खाणं लागतं. बाकी सविस्तर फ्लोरिडातल्या टॅम्पाचे काका सांगतील, त्यांनी सहा-सात वर्षं पाळलेत. काका, या हो इकडे.

वेंगुर्लेकर_टॅम्पा

आलो. हाक मारल्यावर येतो, फक्त टाईप सावकाश करतो.

मृण्मयीताई, आधी एक गैरसमज काढून टाकू. तुम्हाला वाटतंय तुम्ही सीहॉर्स पाळणार आहात. तुम्ही पाळणार आहात कोळंबीची पिल्लं. रोज, दोन वेळा, सणवार न बघता. घोडे हे त्या उद्योगाचे गिऱ्हाईक. हे एकदा मान्य झालं की बाकी सगळं सोपं आहे.

या प्राण्याला पोट नाही. म्हणजे जठरच नाही, दातही नाहीत. नळीसारख्या तोंडातून ओढून घेतो, आतड्यातून घाईघाईने पुढे जातं, की पुन्हा भूक. आणि हलणारं भक्ष्य दिसलं तरच तोंड उघडतो. म्हणून त्याच्यासमोर आर्टेमियाची, म्हणजे ब्राइन श्रिम्पची, ताजी फुटलेली पिल्लं तरंगत असावी लागतात. आपल्या जवळ्याची पिल्लं डोळ्यांसमोर आणा आणि त्याहूनही बारीक करा, अर्धा मिलिमीटर. अंडी डब्यात कोरडी मिळतात, बहुतेक युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकची.

पद्धत आपल्या विरजणासारखी. आज लावायचं, उद्या मिळतं, आणि उद्याचं लावायला विसरलात तर परवा ताक नाही. सोड्याची दोन लिटरची बाटली उलटी टांगा, बूड कापून टाका, खाली आलेल्या बुचातून हवेची नळी आत. मिठाचं पाणी, अर्धा चमचा अंडी, वर दिवा, पाणी साधारण ८० फॅरेनहाइट, आणि हवा अशी सोडा की आतलं सगळं उकळल्यासारखं फिरत राहील. चोवीस तासांत पाणी नारिंगी होतं. मग हवा बंद करून दहा मिनिटं निवळू द्या. टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली येतात, खालूनच उजेड दाखवला तर आणखी लवकर. बारीक जाळीत गाळून गोड्या पाण्याने धुवायची आणि मगच टाकीत. टरफलं जाऊ द्यायची नाहीत. माझ्याकडे दोन बाटल्या असतात, एक सकाळची, एक रात्रीची, कारण फुटल्यापासून दिवसभरात त्या पिल्लांच्या अंगातलं पिवळं बलक संपतं आणि मग ती नुसती हलणारी भुसकटं उरतात.

आता टाकी. १० गॅलन चालेल, पण मोठी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. मी ५ गॅलनच वापरतो. इतर माशांना जागा जितकी जास्त तितकं बरं. इथे उलट, कारण खाणं त्यांच्यापर्यंत यायला हवं, ते खाण्याकडे जात नाहीत. गिनीज बुकात सगळ्यात हळू पोहणारा मासा म्हणून याच जातीची नोंद आहे, तासाला जेमतेम दीड मीटर. १० गॅलनच वापरायची असेल तर दोन-तीन जोड्यांवर न थांबता दहा-बारा घोडे एकत्र ठेवा, म्हणजे टाकलेलं वाया जाणार नाही. बेट्टाला कधी तांब्याचं औषध दिलं होतंत का? दिलं असेल तर ही टाकी नकोच, कोळंबी तांब्याने मरते.

फिल्टर स्पंजचा, आणि बुडबुडे मोजता येतील इतके कमी. प्रवाह नको. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की या जातीच्या डोक्याचा आकारच असा आहे की भक्ष्याजवळ जाताना तोंडापुढचं पाणी हलत नाही. स्थिर पाण्यात दहापैकी नऊ वेळा शिकार साधते. तुम्ही जोरदार पंप लावलात तर निसर्गाने एवढं कोरलेलं डोकं फुकट. प्रत्यक्ष बघाल तेव्हा कळेल: एक डोळा पुढे, एक मागे, मान इतकी सावकाश वळते की आपल्याला वाटतं झोप लागली, आणि मग 'टक'. तो टक आवाज पाण्याखालच्या मायक्रोफोनने टिपलेला आहे. मी काचेला कान लावून बसलो होतो, मला नाही आला. बायकोला मात्र मी दिसलो.

तापमान ७२ ते ७५ फॅरेनहाइट. त्याच्या वर गेलात की जंतू माजतात. पाणी दुकानातून आरओचं आणा, मीठ मिसळून घनता १.०२४ च्या आसपास. एडिसनच्या हिवाळ्यात हीटर चालू राहणार, म्हणजे बाष्पीभवन होणार, आणि वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. काचेवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टी लावा आणि रोज तेवढी भर नुसत्या गोड्या पाण्याने. खारं पाणी ओतलंत तर आठवड्यात लोणचं. टाकी तयार होऊन पाण्यातला विषारी अमोनिया शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर घोडा आणायचा नाही.

पिल्लांचं विचारलंत. इथे ही जात इतर सीहॉर्सपेक्षा भली आहे. बाकीच्या बऱ्याच जातींची पिल्लं इतकी नाजूक की त्यांना वेगळं, सूक्ष्म खाणं लागतं. यांची जन्मतःच ७-८ मिलिमीटर, बडीशेपेच्या दाण्याएवढी, आणि आईबाप खातात तेच खातात. वेगळी काढायची गरज नाही. बाळंतपण नराचं, हे ठाऊक असेलच. मादी अंडी त्याच्या पिशवीत सोडते आणि दहा ते चौदा दिवसांनी तो मोकळा होतो. टॅम्पा विद्यापीठातल्या हेदर मॅसनजोन्स यांनी १९९६ साली यांच्या प्रणयाराधनावर निबंध लिहिला आहे. दोन-तीन दिवस चालतं ते: सकाळी एकमेकांसमोर येऊन रंग उजळवणं, थरथरणं, मग सोबत वर जाणं. आमच्या लग्नात कांदेपोहे धरून चाळीस मिनिटांत उरकलं होतं.

मी पहिला जन्म पाहिला तो पहाटे साडेपाचला, बाटली बदलायला उठलो तेव्हा. नराने प्लास्टिकच्या गवताला शेपटी घट्ट गुंडाळलेली, पोटाकडे वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. प्रत्येक वाकण्याला एक-दोन पिल्लं बाहेर फेकली जायची. बाहेर पडताच पिल्लू शेपटीने काहीतरी धरायला बघतं. गवत मिळालं नाही तर दुसऱ्या पिल्लाची शेपटी. तिघे असे एकमेकांना धरून गोल फिरत होते, सोडायला कुणी तयार नाही. मी मोजले, तेवीस.

त्या तेविसांतले चौदा जण आठवडाभरात गेले, आणि चूक माझीच. गवताच्या पातीवर पांढरी लव दिसत होती, मला वाटलं शेवाळ. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक सोंडांचा गोंडा. हायड्रॉइड. जेलीफिशचे चुलत भाऊ, डंख मारतात. मोठ्यांना फार काही होत नाही, पिल्लू मात्र चिकटलं की संपलं. येतात बहुतेक समुद्री वनस्पतींना चिकटून किंवा आर्टेमियाच्या बाटलीतून, आणि आपण रोज खाणं घालतो ते त्यांनाही पोचतं. औषध म्हणजे कुत्र्यांना जंतांवर देतात ते फेनबेंडाझोल. चिमटीपेक्षाही कमी लागतं, प्रमाण टाकीच्या आकाराप्रमाणे नीट काढून घ्या. त्याने हायड्रॉइड मरतात, पण कृमी आणि बऱ्याच गोगलगायीही मरतात, आणि मेलेलं सगळं पाणी नासवतं, त्यामुळे मागोमाग पाणी बदलायचं. आता मी टाकीत घोडा यायच्या आधीच हा उपचार करतो, आणि जिवंत दगड, म्हणजे जीवजंतू वसलेले समुद्रातले दगड, मुळीच घालत नाही.

आता डिसेंबर. चार आठवडे सोडा, चार दिवसही यांना उपाशी ठेवता येणार नाही. शेजाऱ्याला सांगून भागत नाही, बाटली निवळणं हे शेजारधर्मात बसत नाही. मी गेली काही वर्षं कोकणात जातो तो एकटा जातो, बायको इथे थांबते, आणि त्याचा उल्लेख घरात वरचेवर होतो.

तर माझा सल्ला: घोडे जानेवारीत परतल्यावर घ्या. घरात वाढवलेलेच घ्या, समुद्रातून पकडलेले नको. आणि आत्ता, सप्टेंबरात, चिरंजीवांना फक्त बाटली द्या. घोडा नाही, टाकी नाही. तीस दिवस रोज कोळंबी फोडून दाखवायची. तीस दिवस जमलं तर मी स्वतः विचारपूस करून चांगला पैदासकार सुचवतो. आणखी एक, ते जगतात वर्षभर, फार तर दीड-दोन वर्षं. हे त्याला आधी सांगा.

कसबा_पेठ

काका, पुण्यात मिळतील का हो? इथे एक जण विकतो म्हणे, किंमत ऐकून घेतली नाही.

वेंगुर्लेकर_टॅम्पा

घेऊ नका. भारतात सीहॉर्स आणि त्यांची सगळी भावकी २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये घातली गेली. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. पकडणं, विकणं, सगळं गुन्हा. आणि ड्वार्फ जात आपल्याकडची नाहीच, ती मेक्सिकोच्या आखातातली, फ्लोरिडा आणि बहामाच्या सागरी गवतातली. तुम्हाला कुणी विकत असेल तर तो बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा घोडा असणार. लहानपणी रापण ओढली की जाळ्यात कधीतरी एखादा यायचा, आम्ही वाळूत वाळवून खिशात घेऊन फिरायचो. तेव्हा कळत नव्हतं.

रीफवेडा

काका, तीस दिवसांची अट मलाही घातली होतीत. मी अठराव्या दिवशी सुटलो आणि पोवळी घेतली.

मृण्मयी_एडिसन

काका, मनापासून धन्यवाद. चिरंजीवांना वाचून दाखवलं. चौदा पिल्लं गेली तिथे गप्प झाला, मग म्हणाला, "बाटली आजच लावू." भिंतीवर तीस चौकोन आखलेत. टाकीला तांब्याचं औषध कधीच दिलेलं नाही, बेट्टा औषधाविना म्हातारा झाला.

मृण्मयी_एडिसन

(बारा दिवसांनी) प्रगती कळवते. बारापैकी अकरा. नवव्या दिवशी बाटली लावायला विसरला, रात्री साडेदहाला अंथरुणातून उठून खाली आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं फुटलेली नव्हती. तो चौकोन त्याने स्वतःच लाल केला, मी काही बोलले नाही. एक शंका: निवळल्यावर तळाशी नारिंगी थराखाली तपकिरी गाळ दिसतो. टरफलं वर जायला हवीत ना?

वेंगुर्लेकर_टॅम्पा

टरफलं वरच आहेत. खालची ती न फुटलेली अंडी. नळी उघडल्यावर पहिला घोटभर गाळ बेसिनमध्ये जाऊ द्या, नारिंगी यायला लागलं की जाळी धरा. गाळ फार असेल तर अंडी जुनी आहेत किंवा दमट झालीत. डबा फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाचा, ठेवता ना? आणि लाल चौकोनाबद्दल: तीस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे नाहीत, फक्त एक पुढे वाढवा. त्याला सांगा, काकांनी सवलत दिली.

मृण्मयी_एडिसन

सांगितलं. एकतिसावा चौकोन आखून झाला. डबा फ्रीजमध्येच असतो, विरजणाच्या भांड्याशेजारी. आता त्यावर मराठीत मोठी चिठ्ठी लावली आहे, कारण परवा सासूबाईंनी नाचणीचं सत्त्व समजून तो बाहेर काढला होता आणि दूध तापत ठेवलं होतं.