मदत हवी आहे: मायक्रोसॉफ्टचा 'क्लाउड' नेमका मोजायचा कसा?

दोन दिवस मायक्रोसॉफ्टचे वार्षिक अहवाल घेऊन बसलोय आणि डोकं गरगरायला लागलंय. जाणकारांनी जरा वाट दाखवा.

कंपनी धंदा तीन विभागांत दाखवते. एकात ऑफिस, लिंक्डइन, डायनॅमिक्स (कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर). दुसरा 'इंटेलिजंट क्लाउड', ज्यात अझ्युर (इंटरनेटवरून भाड्याने संगणकशक्ती देणारी सेवा) येतं. तिसऱ्यात विंडोज, एक्सबॉक्स, सर्चच्या जाहिराती वगैरे. जून 2025 ला संपलेल्या वर्षात 'इंटेलिजंट क्लाउड'चा महसूल साधारण 106 अब्ज डॉलर, ऑफिसवाल्या विभागाचा जवळपास 121 अब्ज आणि तिसऱ्याचा 55 अब्जांच्या आत. म्हणजे ऑफिस पुढे. ठीक.

पण त्याच वर्षी 'मायक्रोसॉफ्ट क्लाउड' म्हणून जवळपास 169 अब्जांचा वेगळाच आकडा झळकतो! त्यात अझ्युरसोबत कंपन्यांना विकलेलं ऑफिसचं सबस्क्रिप्शन, डायनॅमिक्स 365 आणि लिंक्डइनचा काही भागही येतो, इतपत उलगडलं. उलट 'इंटेलिजंट क्लाउड'मध्ये विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हरसारखा, कंपन्यांनी स्वतःच्या यंत्रांवर चालवायचा जुना मालही बसवलाय. नावं जवळजवळ सारखी, हिशेब निराळे. वाचणाऱ्याची गंमतच.

खरी अडचण पुढे आहे. 2024 च्या अहवालात 'इंटेलिजंट क्लाउड'ला त्या वर्षी 105 अब्ज दाखवलेत, म्हणजे तिन्हींत अव्वल. ऑगस्ट 2024 मध्ये विभागांची फेरमांडणी झाली आणि त्याच वर्षाचा आकडा 87 अब्जांवर आला. मग पाच वर्षांची तुलना करायची तर जुने आकडे कुठले धरायचे? आणि नुसत्या अझ्युरचा नफा वेगळा काढायची काही रीत आहे का, की विभागाच्या नफ्यावरच भागवायचं?