कापण्या-चिरण्याची इंग्रजी क्रियापदं शिकवायची कशी?

कळव्याची ताई

नमस्कार मंडळी. मी कळव्यात संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवते. बहुतेकजणी ऐरोली-महापेच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये कामाला आहेत. हल्ली तिथे रोजच्या कामाचा कागद इंग्रजीत लावतात, आणि आमची गाडी तिथेच अडते.

चॉप, स्लाइस, डाइस, मिन्स, श्रेड, ट्रिम, स्लिट. सगळ्यांपुढे ‘कापणे’ लिहून कसं भागेल? या बायका स्वतः मराठीत एवढं ढोबळ बोलतच नाहीत. मेथी निवडतात, कोथिंबीर खुडतात, कांदा चिरतात, सुपारी कातरतात. नारळ आधी सोलतात, मग फोडतात, मग खवतात. ज्यांच्या बोलण्यात इतका नेमकेपणा आहे, त्यांना मी एका शब्दावर बोळवण करून पाठवू का?

त्यात परवा एकीने विचारलं, “कागदावर ‘सीड द चिलीज’ आहे, म्हणजे बिया घालायच्या?” मी म्हटलं, काढायच्या. तर म्हणाली, “मग ‘सॉल्ट द वॉटर’ म्हणजे मीठ काढायचं?” तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. याला काही नियम आहे का? याद्या नेटवर ढीगभर मिळतात, त्या नकोत. शिकवायचं कसं ते सांगा.

जुईनगरचा शेफ

ताई, हॉटेलच्या किचनमध्ये हे शब्द म्हणजे मापं आहेत. चॉप म्हटलं की तुकडे, थोडे लहानमोठे झाले तरी चालतात. डाइस म्हटलं की चौकोनी फोडी आणि सगळ्या सारख्या: लहान साधारण ६ मिलिमीटर, मध्यम १२, मोठी २०. हा हट्ट दिसण्यासाठी नसतो. फोडी सारख्या नसतील तर एक बटाटा कच्चा राहतो आणि दुसऱ्याचा गाळ होतो.

स्लाइस म्हणजे चकत्या, काप. मिन्स म्हणजे आलं-लसूण अगदी बारीक; आपल्याकडे खिम्यालाही मिन्स म्हणतात, तो घोळ आधी सोडवा. ज्युलिएन म्हणजे साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या लांब काड्या. स्लिट म्हणजे भरल्या वांग्याला देतो ती चीर, देठ शाबूत ठेवून. स्कोअर त्याहून वरवरची: मसाला आत मुरावा म्हणून कोळीण पापलेटावर तिरप्या चिरा पाडून देते ना, त्या.

आणखी एक. तुमच्या बायकांचा हात विळीवर बसलेला असणार. विळीचं पातं जागच्या जागी राहतं आणि भाजी फिरते. बोर्डवर भाजी जागेवर आणि सुरी चालते. चॉपमधला वरून खाली येणारा घाव विळीवर होतच नाही, म्हणून तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नसेल.

नौपाडावासी

बियांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. जी गोष्ट मुळातच त्या वस्तूचा भाग आहे, तिचं क्रियापद झालं की बहुधा अर्थ काढणं असा होतो: सीड, बोन, स्केल, कोअर, शेल. म्हणजे बिया, काटे, खवले, गाभा, टरफल काढायचं. जी बाहेरून येते, तिचं क्रियापद म्हणजे घालणं किंवा लावणं: सॉल्ट, बटर, ऑइल. अपवाद आहेतच. शेतात ‘सीड’ म्हणजे पेरणं. ‘डस्ट’ तर दोन्हीकडे चालतं: टेबलावरची धूळ झटकायची, केकवर साखर भुरभुरायची.

कापण्या-तोडण्याच्या क्रियापदांवर २८ भाषांचा एक तौलनिक अभ्यास झाला आहे. लोकांना ६१ छोट्या चित्रफिती दाखवून विचारलं, यात काय केलं? बहुतेक भाषांमध्ये एक भेद ठळक दिसला: वस्तू नेमकी कुठे दुभंगणार ते आधी सांगता येतं की नाही. सुरी गाजरावर ठेवली की जागा ठरते. बशीवर हातोडा मारला तर ठरत नाही. आपलं कापणं आणि फोडणं याच रेषेवर वेगळं होतं. तुमच्या बायकांना हा भेद आधीच येतो, तिथूनच इंग्रजीत शिरा.

कळव्याची ताई

दोघांचे मनापासून आभार. काढणं आणि घालणं, हे आधी घेते. तिथे चूक झाली तर रागावणं त्यांच्या वाट्याला येतं, माझ्या नाही. मग जांभळी नाक्यावरून मिरच्या, वांगी, बटाटे आणून प्रत्येकीच्या हातात सुरी देते. करता करता क्रियापद मोठ्याने म्हणायचं. शेफदादा, सुरीची सवय नसलेल्या बाईला डाइस कसं दाखवू?

जुईनगरचा शेफ

बटाट्याची एक बाजू आधी कापून सपाट करा आणि त्या बाजूवर तो बोर्डवर ठेवा, म्हणजे गडगडत नाही. मग जाड चकत्या, चकत्या रचून काड्या, काड्या आडव्या धरून फोडी. बोर्डखाली ओलं फडकं घाला. आणि धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडलेली हवीत, हे पहिली सुरी हातात देण्याआधी सांगा.