अनुभव धागा: साठी उलटली तरी मैदान न सोडणाऱ्या बायका

रानजाई
आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ राहतो. शेजारच्या बाई ७१ वर्षांच्या. शनिवारी त्यांची गाडी गॅरेजला होती म्हणून मला म्हणाल्या, मैदानापर्यंत सोडशील का? डिकीत बॅटींची ही भली मोठी पिशवी, पाण्याचे कॅन, घडीच्या खुर्च्या. मला वाटलं नातवाची मॅच असेल. तर यांचीच! साठीच्या पुढच्या बायकांची स्लो-पिच सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ, चेंडू हळू टाकतात) टीम, आणि मॅनेजर या. सोडून परत यायचं ठरवलं होतं, चारपर्यंत तिथेच बसले.

कुंपणाच्या जाळीला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बॅटिंगच्या क्रमाचा कागद लावला होता. एकीची केमो नुकतीच संपलेली, तिला खेळवत नाहीत, पण तिसऱ्या बेसपाशी (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे) कोच म्हणून उभी. कुठल्या रनरला थांबवायचं, कुणाला पळवायचं हे ती ठरवते आणि सगळ्या तिचं ऐकतात. पिचरबाईंचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, चेंडू असा उंच कमान घेऊन यायचा, आरामात वाटायचा, आणि समोरच्या तीन जणी लागोपाठ फसल्या.

जाताना बाई सांगत होत्या, आमच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती, मुलांच्या मॅचला टाळ्या वाजवायला आम्हाला बसने न्यायचे. शिक्षणात मुलींना सगळं समान मिळायला हवं, खेळसुद्धा, असा कायदा (टायटल नाइन) १९७२ ला झाला आणि या त्याच वर्षी शाळा संपवून बाहेर पडल्या. पहिला ग्लोव्ह हातात घातला तो मुलं मोठी झाल्यावर.

माझी मात्र शाळेत टीम होती. जळगावला. सर उन्हात पळवायचे, स्लगरला, म्हणजे बॅटला, सुतळी गुंडाळलेली, ग्लोव्ह कडक झाला की खोबरेल चोळायचं. मी फर्स्ट बेसला. दहावी झाली आणि सुटलं ते सुटलंच, कुणी विचारलंही नाही. परवा हे सगळं एकदम वर आलं. तुमच्या माहितीतल्या अशा खेळणाऱ्या आणि टीम चालवणाऱ्या बायकांबद्दल लिहा ना. आई, मावशी, सासू, शेजारीण, तुम्ही स्वतः, कोणीही.

खानदेशी_भरीत
जळगाव!!! कुठली शाळा? आम्ही काव्यरत्नावली चौकाजवळ राहायचो. आमच्याकडे मुलींचं सॉफ्टबॉल जोरात असायचं, ताई जिल्ह्याला खेळलीये. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

मोगरा_२
सासूबाई. सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेल्या होत्या, वय ६८, निवृत्त गणिताच्या बाई. घरात बसून कंटाळल्या, रोज बागेत चक्कर मारायला जायच्या. तिथे पन्नाशीपुढच्या बायकांची प्रॅक्टिस चालते. आधी कट्ट्यावर बसून बघायच्या, मग बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला लागल्या, आणि महिनाभरात स्कोअरबुक यांच्याकडे! प्रत्येक चौकोनात छोटा डायमंड (चार बेसचा आकार) असतो, रनर जिथपर्यंत पोचली तिथपर्यंतची रेघ गडद करायची. यांनी सगळे आकडे देवनागरीत लिहिले. त्या बायकांनी तक्रार न करता १ ते ९ शिकून घेतले. आता भारतात परत आल्यात तर मॅचच्या दिवशी तिकडून व्हिडिओ कॉल येतो, इथे रात्रीचा दीड वाजलेला असतो, आई उठून बसतात.

रानजाई
मोगरा, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. देवनागरी स्कोअरबुकचा फोटो टाक की!

घारेडोळे
फोटो +१

फिजिओ_नगरवाली
पेशंट्समध्ये तीन-चार जणी आहेत म्हणून लिहिते. सीनियरचे काही नियम फार विचार करून केलेत. पहिल्या बेसला दोन रंगांची जोड बॅग (बेसची गादी), पांढरी फील्डरची आणि केशरी पळणारीची, म्हणजे पायात पाय येत नाहीत. होमला (जिथून बॅटिंग करतात आणि जिथे रन पूर्ण होतो) पण दोन प्लेट. पळणारी वेगळ्या प्लेटवर जाते, कॅचरला धडकायचा प्रश्नच नाही. होमच्या अलीकडे एक रेघ असते, ती ओलांडली की मागे फिरता येत नाही आणि टॅग करून (अंगाला चेंडू लावून) आऊटही करता येत नाही, चेंडू प्लेटवर आधी पोचला तरच आऊट. गुडघा दुखत असेल तर बॅटिंग करून बेसवर पोचा, पुढे तुमच्याऐवजी दुसरी पळते.
हे वाचून कुणाला ‘सोपा केलेला खेळ’ वाटेल. अजिबात नाही. चेंडू तेवढाच जोरात येतो. माझ्या ६६ च्या शॉर्टस्टॉपचं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर) बोट मोडलं होतं, तिचा पहिला प्रश्न, कधी खेळू?
आणि मैत्रिणींनो, वॉर्म-अप केल्याशिवाय एकदम पळू नका. मांडीमागचा स्नायू आणि खांदा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच.

पाऊलवाट
खांद्यावरून आठवलं, फ्रोजन शोल्डरला भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करतात तो बरोबर आहे का? आईला डॉक्टरांनी सांगितलाय पण फार दुखतं म्हणते.

फिजिओ_नगरवाली
पाऊलवाट, आधी दहा मिनिटं गरम शेक, मग करायला सांगा. कळ आली की तिथेच थांबायचं, रेटायचं नाही. विपू (विचारपूस, म्हणजे वेगळा निरोप) करते.

तिसरी_घंटा
माझी आई गोळाफेक. ६३ व्या वर्षी सुरू केली. मास्टर्समध्ये (मोठ्या वयाच्या खेळाडूंच्या स्पर्धांत) पन्नाशीपासून ७४ पर्यंत बायकांना ३ किलोचा गोळा असतो, ७५ नंतर २ चा. आई म्हणते पंचाहत्तरीची वाट बघतेय, मग बघा कसा लांब जातो :)
नातेवाईक ‘या वयात कशाला’ म्हणायचे. पदक आलं की तेच लोक फोटो काढायला पुढे. आई त्यांनाही पेढे देते. मी नसते दिले.

समईची_वात
मुलगी विद्यापीठाच्या टीममध्ये आहे म्हणून सॉफ्टबॉल घरात सतत. पिचर जोन जॉइस यांचं नाव इथे यायलाच हवं. १९६१ ला कनेटिकटमधल्या वॉटरबरीत टेड विल्यम्स, म्हणजे बेसबॉलचा देव, बॅट घेऊन समोर उभा होता आणि वीस-एकवीस वर्षांच्या या मुलीचे चेंडू त्याला लागेनात. हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापुढचं जास्त मोठं वाटतं. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, गोल्फ सगळं खेळल्या, १९७६ ला टेनिसवाल्या बिली जीन किंगबरोबर बायकांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग उभी केली. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाची टीम अगदी सुरुवातीपासून त्यांनी घडवली, आणि २०२२ मध्ये ८१ व्या वर्षी गेल्या तेव्हाही त्याच कोच होत्या. निवृत्तच झाल्या नाहीत. लेकीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, मी रोज पुसते.

घारेडोळे
हे माहीत नव्हतं! आजच लेकीला सांगते.

कोयरी
आमच्याकडे ठाण्यात बायकांचा ग्रुप आहे, सकाळी सहाला खो-खो आणि लंगडी. सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. एका सोसायटीच्या मैदानात खेळायचो तर तिथल्या कमिटीने पत्र दिलं, मैदान मुलांसाठी आहे, ज्येष्ठांनी बाकांचा वापर करावा. मला इतका राग आला! आमच्या मोठ्या काकू (७२, राज्याला खो-खो खेळलेल्या) शांतपणे गेल्या आणि कमिटीला म्हणाल्या, मुलांना पाठवा, आम्ही शिकवतो. आता शनिवारी वीसेक पोरं येतात. खांब मिळायची उडी काकू स्वतः दाखवत नाहीत, डॉक्टरांनी बंदी केलीये, पण पोरगं चुकलं की पाठ वळलेली असली तरी त्यांना कळतं. पायाच्या आवाजावरून. मैदान मिळालं, पत्र मात्र अजून कुणी मागे घेतलेलं नाही.

पाऊलवाट
काकूंना साष्टांग.

बुलढाणकर
लता करे विसरू नका कुणी. मूळ आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. साठीच्या घरातली बाई. त्यांच्याबद्दल बोलताना लोक गरिबीवरच थांबतात. अहो, पळाल्या किती जोरात ते पण सांगा ना.

मोगरा_२
अगदी! ‘या वयात’ हा शब्द काढून टाकून एकदा बघावं खेळाकडे. सासूबाईंच्या टीममधली डावखुरी बाई चेंडू नेमका उजव्या फील्डरच्या डोक्यावरून मारते. दरवेळी. ते कसब आहे.

खानदेशी_भरीत
आले. रात्रीची सकाळ झाली. ताईशी बोलले. ती कॅचर होती, आता ६१. पाय धरून बसते म्हणते, पण टीमच्या जुन्या मैत्रिणी जमवायचं काम तिनेच मागच्या दिवाळीत सुरू केलं. कुणी चोपड्याला, कुणी भुसावळला, एक नागपुरात, लग्नानंतर आडनावं बदललेली, शोधणार कसं? तिने माहेरच्या दुकानांत जाऊन नंबर मिळवले. अकरा जणी सापडल्या. शाळेच्या मैदानावर कॅच-कॅच खेळल्या, मग भरीत-पुरी. पुढच्या वेळी खरी मॅच करायची म्हणतायत.
रानजाई, तू कुठल्या सालची? ताई विचारतेय, फर्स्ट बेसची जागा रिकामी आहे.

रानजाई
विपू केलाय. अगं मी डिसेंबरात येतेय!! ताईंना सांग जागा धरून ठेवा.

समईची_वात
वा वा! रानजाई, इथल्या बाईंच्या टीमला पण विचार, बॅटी जुन्या झाल्या की देतील.
अवांतर: २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला सॉफ्टबॉल परत येतंय, पण सामने ओक्लाहोमा सिटीत आहेत. कुणी जाणार असेल तर कळवा, आम्ही चौघं नक्की.

कोयरी
काकू विचारतायत सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह केवढ्याला पडतो. पोरांना शिकवायचं डोक्यात घेतलंय त्यांनी. मला काहीच माहिती नाही.

खानदेशी_भरीत
मेरठचे बरे आणि स्वस्त असतात. पोरांत डावखुरं कोण आहे ते आधी बघा, त्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो, तो वेगळा सांगून मागवावा लागतो. ताईचा नंबर विपूत देते, थेट काकूंनाच बोलू दे.