प्रतिसाद: कायनेसियॉलॉजी म्हणजे नुसती जिम नव्हे

ताई, लेकीला बारावीनंतर कायनेसियॉलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, करायची आहे म्हणता, तर कॅनडाच्या चौकशीआधी आपल्याकडचं बघा. इथे हा विषय बहुतेक करून फिजिओथेरपी आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीतच शिकवतात. फिजिओथेरपीला बायोलॉजी अन् नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा लागते. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जागा आहेत, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला खासगी कॉलेज. खेळाची ओढ असेल तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच, १९१४ पासूनचं. तिथून क्रीडाशिक्षक, कोच होता येतं.

वर एकाने लिहिलंय, "शेवटी जिम ट्रेनरच ना?" हे मला अजिबात पटलं नाही. आपल्याकडची कापूस वेचणारी बाई बघा. दिवसभर कमरेतून वाकलेली, पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते. ओझं मणक्यापासून जितकं पुढे, तितका पाठीच्या स्नायूंवर ताण. ओझ्याच्या कितीतरी पट जोर त्यांना लावावा लागतो. ओटी कधी रिकामी करायची, गुडघे कसे वापरायचे, हे तिला कोण सांगतं? दवाखान्यात गोळी मिळते, बस. हेच ज्ञान कारखान्यांतही लागतं, काम माणसाच्या शरीराला सोसेल असं बसवायच्या त्या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. फीची चौकशी मात्र आधी करा, सरकारी-खासगीत फार फरक पडतो.