एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीचं मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण) कुठून कमी करायचं?

फोंडेकर_७
२००७ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बीएस-२ (प्रदूषणाचा जुना निकष). पीयूसीला आयडलवर (रेस न देता) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.१ टक्के येतोय, मर्यादा ०.५. प्लगवर कोरडी काजळी, एअर फिल्टर नवा, इंजिनचा दिवा लागत नाही. थ्रॉटल बॉडीवर एक स्क्रू आहे, वर रंगाचा ठिपका. तो किती आटे फिरवायचा? की हा ई-२०चा (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा) प्रताप?

मल्टीमीटर
अजिबात फिरवू नका. तो आयडलचा स्क्रू, मिक्श्चरचा नव्हे. कार्ब्युरेटरची सवय अजून सुटत नाही लोकांची. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. तो जास्त देतोय, कारण त्याला कोणीतरी चुकीचं सांगतंय.

ई-२०चा दोष नाही. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.६. म्हणजे जुनी गाडी त्यावर उलट लीन होते (पेट्रोल कमी, हवा जास्त), काजळी धरत नाही.

आधी इंजिन पूर्ण गरम करा. ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरला कनेक्टरच्या मागून टाचणी घाला (वायर सोलू नका), मीटर २ व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. २००० आरपीएमला आकडा ०.१ (लीन) ते ०.९ (पेट्रोल जास्त) यांच्या मध्ये सतत नाचायला हवा. मग पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून बघा. आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम (पडदा) फाटलाय.

खारो_वारो
थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे ना? आपल्याकडे "गोव्यात कशाला हवा" म्हणून काढून टाकतात. मग इंजिन नीट तापत नाही आणि ईसीयू ते थंड समजून पेट्रोल ओततच राहतो. कूलंट सेन्सरही मोजा: २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांना ३००च्या आसपास.
गाडी वास्को-बायणा बाजूला उभी राहत असेल तर इंजिनच्या अर्थिंगच्या वायरींचे जोड खोलून घासा. खारं पाणी लागून हिरवे पडतात.

फोंडेकर_७
थर्मोस्टॅट आहे, रेग्युलेटरचा पाइप कोरडा. कूलंट सेन्सर गरम असताना ३१० ओहम. ऑक्सिजन सेन्सर मात्र आयडलला ०.१वरच चिकटलाय. रेस झटकन दिली की क्षणभर ०.८५. सकाळी थंड इंजिनला टिक-टिक आवाज येतो, मिनिटाभरात थांबतो.

मल्टीमीटर
मग सेन्सर जिवंत आहे, विकत घेऊ नका. त्या टिक-टिककडे बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनला जोडलेल्या, धूर गोळा करणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट फुटलेली असणार किंवा मॅनिफोल्डला चीर असेल. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू "लीन" समजून पेट्रोल वाढवतो. रेस दिल्यावर वायूचा जोर वाढतो, ती हवा किरकोळ ठरते, म्हणून ०.८५.

थंड इंजिन सुरू करून कोणालातरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं काही सेकंद दाबून धरायला सांगा. तुम्ही सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे येतील तिथेच गळती. गॅस्केट बदलताना मॅनिफोल्डचा पृष्ठभाग पट्टी लावून तपासा. वाकडा असेल तर नवी गॅस्केटही महिनाभरात जाईल. मॅनिफोल्डचे स्टड (बोल्ट) गंजलेले असणारच, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, नाहीतर सिलिंडर हेडमध्येच तुटतात.

नंतर ईसीयू जुनी सवय विसरावा म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह काही मिनिटं काढून ठेवा, वीसेक किलोमीटर चालवा आणि इंजिन गरम असतानाच पीयूसीला न्या.