मदत हवी आहे: सेकंडहँड डिझेल एसयूव्हीत ऑइल आपोआप वाढतंय

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी एक सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घेतली. 2020 चं बीएस6 डिझेल मॉडेल, 71,000 किमी झालेलं. रोजची फेरी कोथरूड ते शिवाजीनगर, तीही ट्रॅफिकमधून. पंधरा दिवसांपासून डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतोय. काल सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! मी थेंबही घातलेला नाही. बोटांवर चोळलं तर पातळ, आणि डिझेलचा वास.

फिल्टरमधली काजळी जाळायला तो 600 अंशांच्या आसपास तापवावा लागतो, त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. जवळच्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं, एवढं मला कळलंय. अशा पातळ ऑइलने टर्बोच्या बेअरिंगची झीज होईल, ही खरी धास्ती आहे, म्हणून गाडी उभीच ठेवलीय.

एक मेकॅनिक म्हणतो, डीपीएफ काढूनच टाका. ते मला करायचं नाही. नियमात बसत नाहीच, शिवाय पार्किंगशेजारी सोसायटीतली मुलं खेळतात, धूर त्यांच्याच नाकात जाणार.

आधी ऑइल बदलून मग स्कॅनर लावून रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) करावं, की उलट? डिझेल फवारणारा इंजेक्टर गळतोय का, हे कसं तपासून घेऊ? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.